डोंगर देईल तेवढेच पाणी

‘अब्रू’ हा शब्द आपण घरोघरी वापरतो. घराण्याची अब्रू, चारचौघांतली अब्रू, अब्रूची काळजी. पण या शब्दाच्या पोटात पाणी दडले आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? शब्द मूळचा फारसी. ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती अब्रू! ‘आब राखून वागावे’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगत, त्यातला आबही हाच. मोत्याला पाणी असते, तलवारीला पाणी असते आणि माणसातही पाणी असावे लागते, असे आपण मराठीतही म्हणतोच की!

ज्या लोकांनी माणसाच्या इभ्रतीला पाण्याचे नाव दिले, त्यांच्या देशात ते किती दुर्मीळ असेल, याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही. इराणच्या मधोमध दोन मोठी वाळवंटे आहेत, दश्त-ए-कवीर आणि दश्त-ए-लूत. यांतल्या लूतच्या पृष्ठभागाचे तापमान २००५ साली उपग्रहाने मोजले, तेव्हा ते ७०.७ अंश सेल्सिअस भरले. या वाळवंटांच्या काठावर यझ्द नावाचे प्राचीन शहर वसलेले आहे. तेथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम पन्नास-साठ मिलिमीटर. आमच्या भिलाईत श्रावणातल्या एखाद्या दिवशी तेवढा पाऊस पडून जातो आणि आपण ‘आज जरा बरा झाला’ एवढेच म्हणतो.

आणि तरीही या यझ्दला डाळिंबाच्या बागा आहेत, वाड्यांच्या चौकांत हौद आहेत, तळघरांत गारवा आहे. वाचकहो, यझ्द आपल्याला वाटते तितके परकेही नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत ज्यांनी ब्रून-मस्का आणि ‘पानी कम’ चहा घेतला असेल, त्यांनी गल्ल्यावरच्या शेठना मूळ गाव विचारले असते, तर पुष्कळदा यझ्द किंवा केरमान हेच उत्तर आले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तिकडच्या खेड्यांतून ही जरथुष्ट्री मंडळी आपल्याकडे आली. ज्या पाण्यावर त्यांच्या वाडवडिलांची शेते पिकत, ते पाणी आभाळातून थेट येत नव्हते आणि नदीतूनही येत नव्हते. ते येत होते जमिनीखालून, माणसाने हातांनी खोदलेल्या बोगद्यांतून.

आईविहीर

या बोगद्याला इराणात ‘कनात’ किंवा ‘कारेज’ म्हणतात. (आपण लग्नाच्या मांडवाला बांधतो ती कनात वेगळी.) तो खोदण्याची युक्ती ऐकायला सोपी आणि करायला महाकठीण आहे.

डोंगरावर जो थोडाफार पाऊस किंवा बर्फ पडतो, त्याचे पाणी पायथ्याच्या गाळमातीत मुरते. खोदकाम करणारा जाणकार त्या पायथ्याशी आधी एक खोल विहीर घेतो. तिला पाणी लागले, की ती झाली ‘मादर चाह’, म्हणजे आईविहीर! मग तिच्यातल्या पाण्याची पातळी आणि दूर खाली असलेल्या गावाची पातळी यांचा हिशोब मांडायचा आणि गावाच्या बाजूने डोंगराकडे बोगदा खणत जायचे. त्याला उतार द्यायचा तो अगदी हलका, हजार हातांत हातभर म्हणा ना! उतार जास्त झाला तर पाणी जोराने धावून माती कापील आणि बोगदा ढासळेल. कमी झाला तर पाणी साचून राहील. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी पाडायच्या. त्यांतून रहाटाने माती वर काढायची आणि आत काम करणाऱ्याला हवा पोचवायची. उंचावरून पाहिले तर उजाड माळावर वारुळांची एक लांबच लांब रांग जावी, तशा या विहिरींच्या तोंडांच्या रांगा दिसतात.

बोगद्याच्या टोकाला पाणी आपोआप उजेडात येते. मोट नाही, बैल नाहीत, पंप नाही. रात्रंदिवस, बारा महिने ते आपल्या वजनाने वाहत राहते. शिवाय सारा प्रवास जमिनीखालून, त्यामुळे उन्हाने ते उडून जात नाही.

इराणच्या गोनाबादची कारेज या कामाचा कळस मानली जाते. तिचे वय सुमारे अडीच हजार वर्षे, लांबी सुमारे तेहतीस किलोमीटर आणि आईविहिरीची खोली तीनशे मीटरच्या आसपास. आपला कुतुबमिनार एकावर एक चार वेळा उभा केला, तर एवढी उंची भरेल. तीही जमिनीच्या वर नव्हे, खाली! गोनाबादसह इराणमधल्या अकरा कारेजांना युनेस्कोने २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

हे खोदणाऱ्या माणसाला ‘मुकन्नी’ म्हणतात. तेलाचे दोन दिवे एका रेषेत ठेवून तो बोगद्याची दिशा सरळ राखी. दिवा मंद झाला की हवा खराब आहे असे समजून मागे फिरे. अंगावरचे कपडे पांढरे, म्हणजे खालीच काही बरेवाईट झाले तर तेच कफन! माती कोसळून, पाण्याचा लोंढा येऊन अनेक मुकन्नी खाली राहिले. म्हणून ही माणसे कारेजला ‘खुनी’ असेच म्हणत. उतरण्याआधी ती प्रार्थना करत आणि दिवस अशुभ वाटला तर कामाला हात लावीत नसत.

पाणी कोणाचे?

कारेजचे खरे कौतुक मात्र बोगदा खोदून संपत नाही. पाणी वर आले, की पहिला प्रश्न उभा राहतो, ते कोणाचे? गावात त्याचा क्रम ठरलेला असे. आधी पिण्याचे पाणी घ्यायचे, मग ते हमामखान्याकडे आणि शेवटी शेतांकडे जायचे. वाटेत पाणचक्कीवर दळणही होऊन जाई.

शेताची पाळी मोजायला घड्याळ कुठले? मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तळाला बारीक छिद्र असलेली एक वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की एक माप झाले. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी गुरुजी घटिकापात्र ठेवत असत, अगदी तेच हे तंत्र! आपण त्याने मुहूर्त साधला, त्यांनी त्याने शेजाऱ्याचा वाटा सांभाळला. एखाद्या शेतकऱ्याचा वाटा कधी अमुक वाट्यांचा, तर कधी इतक्या दिवसांनी एकदा अशी पाळी. ही वाटी बघत बसणाऱ्या माणसाचा शब्द गावात अखेरचा मानला जाई.

आणखी एक प्रथा ऐकून मला फार मौज वाटली. इराणच्या काही भागांत कारेजचे लग्न लावत. पाणी कमी झाले की लोक म्हणत, हिला सोबत हवी. मग गावातल्या एखाद्या विधवेशी तिचा विवाह लागे. त्या बाईने अधूनमधून त्या पाण्यात स्नान करायचे आणि गावाने तिला वर्षाचे धान्य द्यायचे. हसू येते खरे, पण विचार केला तर एका निराधार बाईच्या पोटाची सोय गावाने पाण्याच्या नावावर करून ठेवली होती! आम्ही छत्तीसगढमध्ये राहणाऱ्यांना याचे फार नवल वाटू नये. इकडच्या खेड्यांतही नव्या तलावाचे लग्न लावण्याची चाल आहे. तलावाच्या मधोमध लाकडी खांब रोवायचा, गावजेवण घालायचे आणि मगच ते पाणी वापरायला घ्यायचे. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांत माणसांना एकच सुचले, की पाण्याशी नाते जोडले तरच त्याची काळजी घेतली जाते.

वाटसरूंचे पाणी

या पाण्यावर केवळ शेते पिकली नाहीत, वाटाही जगल्या. तेराव्या शतकात मार्को पोलो केरमानकडून उत्तरेला वाळवंट ओलांडून गेला. त्या वाटेवर तीन दिवस पाणी मिळते ते खारट आणि कडू, असे त्याच्या प्रवासवर्णनात आहे. चौथ्या दिवशी मात्र गोड पाण्याचा एक प्रवाह लागतो. तो जमिनीखालून वाहतो आणि ठिकठिकाणच्या भगदाडांतून दिसतो. ही कारेजच असावी, असे अभ्यासकांचे मत आहे.

उंटांचे तांडे दिवसभराची चाल करून जेथे थांबत, तेथे सराया बांधलेल्या असत. मधोमध चौक, भोवती ओवऱ्या, एकच मोठा दरवाजा आणि जवळ पाण्याचे टाके. त्याला ‘आब-अंबार’ म्हणतात. पायऱ्या उतरून खाली जायचे आणि घुमटाखालचे गार पाणी घ्यायचे. आपल्या वाटांवरच्या धर्मशाळा, बारवा आणि पाणपोया आठवा. अशा ५४ सराया २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत आल्या. यझ्दच्या घरांवर उंच झरोक्यांचे मनोरे असतात. ते वारा पकडून तळघरात सोडतात. खाली कारेजचे पाणी वाहत असले की तो वारा गार होतो. विदर्भात आणि इकडे आपण मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या लावून जे करतो, तेच ते लोक शेकडो वर्षे विजेविना करीत आले.

पाण्याचे मोल राजेही ओळखून होते. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो, की कोरड्या जमिनीवर जो पाणी आणील, त्याला ती जमीन पाच पिढ्या कसण्याचा हक्क इराणी सम्राटांनी दिला होता. लोकांनी म्हणूनच खर्चाची आणि कष्टाची पर्वा केली नाही. आज खणायला घेतलेले काम आपल्या हयातीत पुरे होईलच, अशी खात्री नसताना माणसे खणत राहिली, ती नातवंडांच्या भरवशावर.

आपल्या दाराशी

आता कोणी म्हणेल, हे सारे दूरदेशीचे. आपल्याला त्याचे काय? तर मंडळी, अशी एक कारेज आपल्या अगदी दाराशी आजही वाहते आहे. दुर्गहून मुंबईकडे जाणारी गाडी धरायची, भुसावळला उतरायचे आणि खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे. रावेर मागे पडले की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे होईपर्यंत भिलाई आणि बऱ्हाणपूर एकाच राज्यात होती आणि त्याआधी १९५६ पर्यंत दोन्हींची राजधानी नागपूर होती. आजही बऱ्हाणपूरच्या बाजारात मराठी सहज कानावर पडते.

तापीकाठचे हे शहर फारुकी सुलतानांनी वसवले आणि मोगलांनी त्याला दख्खनचा दरवाजा केले. शाहजहानची बेगम मुमताजमहल १६३१ साली येथेच वारली. ताजमहाल उभा राहण्यापूर्वी तिचे दफन तापीपलीकडे झैनाबादला झाले होते. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथे येऊन शाहजादा परवेझला भेटला. त्याच सुमारास, जहांगीरच्या कारकिर्दीत, या शहराच्या पाण्याची ही व्यवस्था उभी राहिली. फौजेची छावणी, वाढती वस्ती, कापडाचा मोठा व्यापार, यांना तापीचे पाणी पुरवणे अवघड होते, कारण नदी खोल वाहते आणि शहर उंचावर आहे. सुभेदार होते अब्दुर्रहीम खानखाना. होय, तेच! शाळेत ज्यांचे दोहे आमच्या भिलाईची मुले तोंडपाठ करतात, ते कवी रहीम. ‘पानी’ या एका शब्दाला तीन अर्थ देणारा त्यांचा दोहा हिंदी प्रांतात कोणाला ठाऊक नाही? मोत्याचे तेज, माणसाची अब्रू आणि साधे पाणी, असे तिन्ही त्यात आहे. असा कवी शहराला पाणी देण्याचे काम हाती घेतो, यात मला तरी मोठे औचित्य वाटते.

सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी तापीकडे झिरपत जाते. ते वाटेतच अडवून शहराकडे वळवायचे, ही योजना. तिच्या आखणीचे श्रेय इराणी जाणकार ‘तबकुतुल अर्ज’ याला दिले जाते. गंमत अशी, की या शब्दांचा अर्थच मुळी ‘भूमीचे थर’ असा होतो आणि उर्दूत भूगर्भशास्त्रालाही ‘इल्म-ए-तबकातुल अर्ज’ म्हणतात. तेव्हा हे त्या माणसाचे नाव असावे, की लोकांनी त्याच्या विद्येवरून दिलेली ओळख? काहीही असो, त्याचे काम बोलते आहे. अशा एकूण आठ व्यवस्था शहरात आणि जवळच्या बहादरपुरात होत्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली ती कुंडी भंडारा. जुने नाव खुनी भंडारा. पाण्याला लालसर झाक होती म्हणून ते नाव पडले, असे लोक सांगतात. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ती दाखल झाली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे तेथे गेलो होतो. माळावर ओळीने विहिरींची गोल तोंडे दिसतात. तीच ही कुंडी, शंभरावर आहेत. त्यांतल्या एकीत उतरायला पाळणा बसवलेला आहे. पाळणा चालवणाऱ्या भाऊंनी आधीच बजावले, “ताई, चपला वरच ठेवा. खाली पाणी आहे. आणि बोलू नका, नुसतं ऐका.” सुमारे ऐंशी फूट खाली गेल्यावर पाय गार पाण्यात पडले. पुढच्या कुंडीतून उजेडाचा एक झोत येतो, मग अंधार, मग पुन्हा झोत. आणि भाऊ म्हणाले तसेच, भिंतींतून थेंबथेंब झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज! माझी धाकटी वर आल्यावर म्हणाली, “आई, इथं चारशे वर्षं नळ बंदच केला नाही.”

भिंती मात्र पांढुरक्या दिसतात. तो चुना. पाण्यात विरघळलेला चुना वर्षानुवर्षे भिंतींवर बसत जातो, ज्या फटींतून पाणी यायचे त्या बुजतात आणि बोगदा अरुंद होत जातो. तो खरवडून काढत राहणे, हेच कारेजचे औषध. दुसरे दुखणे अधिक वाईट. बऱ्हाणपूर, रावेर, यावल हा सारा केळीचा पट्टा. केळीला पाणी भरपूर लागते आणि ते येते बोअरमधून. बोअर जितकी खोल, तितकी जमिनीतली पाण्याची पातळी खाली. ती बोगद्याच्या खाली गेली, की बोगदा कितीही स्वच्छ असला तरी कोरडाच!

केळीवाल्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याचे कर्ज, त्याचा संसार त्या घडांवर लटकलेला असतो. बऱ्हाणपूरच्या ज्या घरांना हे पाणी मिळत आले, त्यांचा संसारही संसारच आहे. कारेजच्या काळी हे दोघे एकाच पाण्याचे वाटेकरी असते आणि समोरासमोर बसून वाटी मोजत राहिले असते. आज प्रत्येकाची बोअर स्वतंत्र, त्यामुळे समोर बसायचे कारणच उरलेले नाही. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी तापी खोऱ्यात पाणी जमिनीत मुरवण्याच्या मोठ्या योजनेचा करार केला आहे. जमिनीतून काढलेले जमिनीला परत द्यावे लागते, हे निदान कागदावर तरी आले.

आपली जुनी शहरे

बऱ्हाणपूर एकटे नाही. मलिक अंबर हा मूळचा आफ्रिकेतल्या हबसाणातला, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. १६१७ च्या सुमारास त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणले. ती ‘नहर-ए-अंबरी’. पुढच्या काळात अशाच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचे, वाटसरूंचे दळण दळू लागली. बिदरजवळ नौबादलाही बहामनी काळातली कारेज आहे. ती कितीतरी वर्षे गाळाने बुजून विस्मरणात गेली होती. अलीकडच्या काळात तिचा गाळ उपसला गेला.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने शहरातल्या हौदांत आणले. ती तलावावरची योजना, तेव्हा तिला कारेज म्हणता येणार नाही. पण तिच्या वाटेवरही हवेसाठी उभे मार्ग ठेवले होते आणि त्यांना नाव होते ‘उच्छ्वास’! किती सुंदर शब्द! पुढे नव्या इमारतींचे पाये खणताना कितीतरी उच्छ्वास बुजले.

स्वतः इराणची कथाही वेगळी नाही. १९६० नंतर तेथे जमीनसुधारणा झाल्या, जुनी वाटेकऱ्यांची व्यवस्था मोडली आणि खोल विहिरींवर पंप आले. कारेजला वर्षभरात जेवढे पाणी डोंगर देई, तेवढेच मिळे. पंपाला ती मर्यादा नाही. पहिली काही वर्षे शेते अधिक हिरवी झाली, मग पातळी उतरत गेली आणि हजारो कारेजा आटल्या. पुष्कळ ठिकाणी जमीनच खचू लागली. ज्या तेहरान शहराची तहान एकेकाळी कारेजांनी भागवली, ते पाऊस पडला नाही तर रिकामे करावे लागेल, असा इशारा राष्ट्राध्यक्ष मसूद पेजेश्कियान यांना २०२५ च्या नोव्हेंबरात द्यावा लागला. अडीच हजार वर्षांचे पाण्याचे शहाणपण ज्या देशापाशी होते, त्याची ही गत!

आपल्या गल्लीत

भिलाईला वाळवंट माहीत नाही. पोलाद कारखान्याला आणि त्याच्या वसाहतीला गंगरेल आणि तांदुळा या जलाशयांचे पाणी कालव्यांनी मरोदाच्या तलावात येऊन मिळते. आपल्याच जिल्ह्यातल्या धमधा गावाबद्दल ‘छै आगर छै कोरी’ तरिया असे सांगतात. कोरी म्हणजे वीस. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव! नळ नव्हते तेव्हा आमच्या मुलखात पाऊस असा साठवून ठेवत.

पण कारखान्याच्या वसाहतीबाहेर, जेथे आम्ही राहतो, तेथे घर तेथे बोअर. मे महिना आला की एकाची बोअर आटते. तो ती आणखी शंभर फूट खाली नेतो. पंधरा दिवसांत शेजारच्याचे पाणी जाते. मग तोही गाडी बोलावतो. रात्रभर ती घरघर ऐकत आम्ही पडून असतो आणि सकाळी एकमेकांकडे न बघता दूध आणायला जातो. पाण्यावरून भांडण झालेले नाही, एवढेच. गल्लीच्या तोंडाशी बोअरचा जमाना येण्यापूर्वीची एक दगडी विहीर आहे. तिच्यात आता निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या पडतात.

यंदा मे महिन्यात आमच्याकडे टँकर आला. त्या रांगेत उभ्या असताना शेजारच्या मावशींनी विषय काढला, की ती विहीर उपसून गच्च्यांवरचे पावसाचे पाणी तिच्यात सोडले तर? दोन रविवारी बैठका झाल्या. पन्हाळी आणि पाइप यांचा खर्च वाटून घ्यायला बरीच घरे तयार झाली, कारण तो एकदाच करायचा होता. घोडे अडले ते पुढच्या प्रश्नावर. दरवर्षी विहिरीचा गाळ कोण काढणार आणि त्याची मजुरी कोण देणार? “ज्यांच्या बोअरला पाणी आहे, त्यांनी का द्यावे?” असे एक गृहस्थ म्हणाले. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता, त्यांनी तो बोलून दाखवला.

कारेजच्या गावात हा प्रश्न पहिल्या दिवशीच सोडवलेला असे. पाण्यात ज्याचा वाटा, त्याचा साफसफाईच्या खर्चातही तेवढाच वाटा. ज्याच्या शेताला आज पाळी नाही, त्यालाही तो चुकत नसे, कारण बोगदा ढासळला तर उद्याची पाळी कोणालाच नाही. पाणी डोंगर देत होता. ते चालू ठेवत होती ती ही शिस्त आणि पांढरे कपडे घालून खाली उतरणारा तो मुकन्नी.

आमची तिसरी बैठक येत्या रविवारी आहे. मावशींनी प्रत्येक घरामागे महिन्याला किती वर्गणी पडेल, याचा हिशोब वहीत मांडून ठेवला आहे. आकडा किरकोळ आहे, एका टँकरच्या पैशांत कित्येक महिन्यांची वर्गणी भागेल. वाचकहो, तुमच्या गल्लीतही अशी एखादी बुजलेली विहीर किंवा बारव असेल. तिच्यात किती पाणी आहे, हे पाहण्याआधी तिचा गाळ काढायला दरवर्षी कोण येईल, एवढे तुमच्या शेजाऱ्यांना विचारून बघा.